विजेचा सांधा आणि कल्हई

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेची विजेची घंटा अकस्मात मुकी झाली. बटण उघडून पाहता आतील दोन पट्ट्यांवर काळसर पुट चढलेले आढळले. आम्ही त्या पट्ट्या काचकागदाने खसखसून घासल्या. घंटा पूर्ववत वाजू लागली व सर्वांस समाधान वाटले. परंतु महिना लोटतो न लोटतो तोच ती पुन्हा बंद पडली, आणि ह्या खेपेस पुट पूर्वीहून दाट होते. आमच्या हातून कोणता प्रमाद घडला, हे समजून घेण्यासारखे आहे.

धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांस कितीही गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगराळ मुलखासारखे दिसतात. एक डोंगराळ मुलूख दुसऱ्यावर पालथा घातला, तर दोहोंचा स्पर्श काही शिखरांच्याच ठायी होईल. विजेच्या सांध्यात तसेच घडते. सारा प्रवाह त्या मोजक्या बिंदूंतूनच जातो. तेथे गंज चढला की प्रवाहास रोध होतो, व रोधातून उष्णता उत्पन्न होते. समजा, मोटारीच्या दिव्याकडे ५ अँपिअर प्रवाह जात आहे. सांध्याचा रोध ०.००२ ओहम असेल, तर तेथे केवळ ०.०५ वॉट उष्णता निर्माण होते. तोच रोध ०.२ ओहम झाला व प्रवाह तितकाच राहिला, तर ती शंभरपट, म्हणजे ५ वॉट होते. नखाएवढ्या तुकड्यात इतकी उष्णता कोंडली, तर भोवतालचे प्लास्टिक वितळते, आणि प्रसंगी आगही लागते.

ह्यावर उपाय कोणता? तो आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार चालत आला आहे. कल्हईवाला तांब्यापितळेचे भांडे घासून तापवितो, त्यावर नवसागर टाकतो व कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र फिरवितो. नवसागराचे कार्य महत्त्वाचे आहे: तो तांब्यावरील गंज दूर करतो. मळक्या भांड्यावर कल्हई धरत नाही, हे पुण्याच्या तांबट आळीत कोणीही सांगेल.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी व पुढे चाकण ह्या भागांत कारखान्यांची दाटी झाली. येथे तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीत विजेचे शेकडो सांधे असतात. त्यांच्या तांब्यापितळेच्या पट्ट्यांवर जो मुलामा चढवितात, तो बहुधा कथलाचाच. मात्र येथे भट्टीचे काम बव्हंशी वीज करते. पट्ट्या प्रथम क्षारात धुऊन तेलकटपणा काढतात, मग आम्लात बुडवून गंज काढतात, व प्रत्येक पायरीनंतर स्वच्छ पाण्याने धुतात. नंतर त्या द्रावणाच्या हौदात ऋणाग्रास जोडतात. किती प्रवाहाने किती धातू बसेल, ह्याचा नियम मायकेल फॅरडे ह्यांनी १८३४ साली प्रसिद्ध केला. त्या हिशेबाने १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठावर १ अँपिअर प्रवाह १० मिनिटे चालविल्यास आम्लयुक्त द्रावणातून कथलाचा सुमारे ५ मायक्रॉन जाडीचा थर बसतो. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, ह्यावरून त्याच्या पातळपणाची कल्पना यावी.

कथलावरही गंजाचा पापुद्रा येतो. परंतु खालचे कथील मऊ असल्याने दाब पडताच तो फुटतो व शुद्ध धातूस शुद्ध धातू भिडते. सततच्या कंपनाने मात्र सांधा घासत राहून गंजाची भुकटी साचते. म्हणून जेथे प्रवाह अत्यल्प व चूक प्राणघातक, तेथे न गंजणारे सोने वापरतात. त्याचा थर पुष्कळदा १ मायक्रॉनहूनही कमी असतो. खालचे तांबे झिरपून वर येऊ नये म्हणून मध्ये निकेलचा थर देतात. मोठ्या प्रवाहास चांदी उत्तम, कारण सर्व धातूंत तीच सर्वांत सुवाहक. मात्र हवेतील गंधकयुक्त वायूंनी ती काळवंडते.

ह्या विद्येची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावी. चांदी व सोने ह्यांच्या बहुतेक हौदांत सायनाइड असते. त्यात आम्ल मिसळल्यास प्राणघातक वायू निघतो. पट्ट्या धुतलेल्या पाण्यात हे विष व विरघळलेल्या धातू उतरतात. म्हणून सायनाइडाचा रासायनिक नाश करून व चुन्याने धातू खाली बसवूनच ते पाणी पुढे सोडावे लागते. आपल्या एका अंगास पवना व दुसऱ्या अंगास इंद्रायणी वाहते, आणि इंद्रायणीकाठीच देहू व आळंदी आहेत. मोटारीचा सांधा निर्मळ करताना नदी मलिन झाली, तर त्या निर्मळतेचे मोल ते काय?

आता आपल्या घंटेकडे वळू. त्या पट्ट्यांवर पातळ मुलामा होता. काचकागदाने आम्ही काळिम्याबरोबर तोही खरवडून काढला व उघडे पितळ पावसाळी हवेच्या स्वाधीन केले. शेवटी नव्या पट्ट्या बसविल्या, तेव्हा घंटा नीट वाजू लागली. तुमच्यापैकी अनेकांचे वडील भोसरीस वा चाकणला अशाच हौदांपाशी उभे राहून काम करतात. सायंकाळी ते घरी आले म्हणजे त्यांस विचारा, आज किती मायक्रॉन थर दिला, व धुण्याचे पाणी कोठे गेले. ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत रसायनशास्त्राचा एक उत्तम धडा तुम्हांस मिळेल.