साप न धरता सापाची ओळख

वन्यजीव केंद्रात शाळेची मुले आली म्हणजे त्यांस सर्वांत अधिक काय आवडते, हे सांगावयास फार विचार नको. मार्गदर्शक एखादा बिनविषारी साप हातावर घेतो, मुले एकामागून एक पुढे येऊन त्याच्या अंगावरून बोट फिरवितात, आणि साप बुळबुळीत नसून कोरडा व गार आहे हे कळताच त्यांचे चेहरे उजळतात. भीती गेली, कुतूहल आले. शिक्षकही संतुष्ट होतात. परंतु कार्यक्रमाची आखणी करणाराने येथेच थांबून स्वतःस विचारले पाहिजे की, हे मूल घरी गेल्यावर या नव्या धिटाईचे काय करील?

ही शंका निराधार नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लक्ष माणसे मृत्यू पावली, म्हणजे वर्षास सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात मांडला आहे. मृतांपैकी चतुर्थांशाहून अधिक 15 वर्षांखालील होते. या मृत्यूंचा मोठा भार नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींवर टाकला जातो. त्यांपैकी मण्यारीचे उदाहरण आपल्या विषयास विशेष लागू पडते. तिच्या काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. तसेच पट्टे कवड्या नावाच्या, पालींच्या मागे घरात शिरणाऱ्या, निरुपद्रवी सापावरही असतात. मण्यारीचे पट्टे मानेकडे पुसट व शेपटीकडे ठळक, तर कवड्याचे नेमके उलट. पुस्तकात हा भेद सोपा वाटतो. अंधाऱ्या पडवीत, विजेरीच्या उजेडात, तो सोपा राहत नाही. केंद्रात कवड्या कुरवाळून आलेले मूल तेथे हात पुढे करणार नाही, याची हमी कोण देणार?

इंग्रजीत या शिक्षणपद्धतीस ‘हॅण्ड्स-ऑन’ म्हणतात. त्याचे ‘हात लावून शिकणे’ असे भाषांतर केले, की जणू प्राण्यासच हात लावावयाचा असा समज होतो. ‘स्वहस्ते शिकणे’ हे मला अधिक बरोबर वाटते. हात मुलाचा असावा, इतकेच. हातात काय द्यावे हे ठरविणे आपल्याकडे आहे. दिल्लीस 1978 साली उघडलेल्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयात मुलांनी वस्तू स्वतः हाताळाव्या यासाठी एक स्वतंत्र दालन होते. ते संग्रहालय 26 एप्रिल 2016 रोजी आगीत नष्ट झाले. त्यामागील कल्पना मात्र कोणत्याही लहान केंद्रास थोड्या खर्चात उचलता येण्यासारखी आहे.

सापाच्या बाबतीत हाती देण्याजोगी उत्तम वस्तू म्हणजे कात. चार-चार मुलांच्या गटास एक कात, एक भिंग आणि एक कोरा कागद द्यावा, आणि मार्गदर्शकाने काही वेळ गप्प राहावे. (हे शेवटचे काम सर्वांत कठीण आहे.) कात उलटलेल्या मोज्यासारखी आतून बाहेर आलेली आहे, हे मुलांच्या लवकरच ध्यानी येते. डोळ्याच्या जागी भोक नसून काचेसारखा पारदर्शक खवला आहे, हे दिसल्यावर सापास पापण्या नसतात, ही गोष्ट सांगावी लागत नाही. पोटाकडील रुंद खवल्यांची एकेरी रांग पाहून तो जमिनीस कसा रेटा देत असेल, याविषयी तर्क सुरू होतात. मग मण्यारीची व कवड्याची कात शेजारी ठेवावी. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर इतरांहून मोठ्या, षट्कोनी खवल्यांची एक ओळ असते; कवड्याला ती नसते. कातेवर हा फरक सावकाश पाहता येतो, कारण कात पळून जात नाही आणि चावतही नाही. तरीही शेवटी हात साबणाने धुवून घ्यावे. सरपटणाऱ्या प्राण्यांपासून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो.

जिवंत साप दाखवावयाचाच नाही, असा याचा अर्थ नव्हे. तो दूर अंतरावरून आणि जाणत्या माणसाच्या हातून दाखवावा. चेन्नईच्या दक्षिणेस वडनेम्मेली येथे 1976 साली स्थापन झालेले मगर-संवर्धन केंद्र आहे. त्याच्या आवारात इरुळा जमातीच्या सर्प पकडणाऱ्यांची, 1978 साली नोंदलेली सहकारी संस्था काम करते. साप मातीच्या मडक्यांत ठेवलेले असतात. प्रेक्षक कठड्याबाहेर उभे राहतात. सापास भांड्याच्या तोंडावर ताणलेल्या पडद्याचा चावा घ्यावयास लावून विष काढले जाते. त्याच विषापासून पुढे घोड्यांच्या साहाय्याने प्रतिविष तयार होते, आणि साप काही आठवड्यांनी पुन्हा रानात सोडला जातो. या जमातीतील वडिवेल गोपाल व मासी सदैयन यांस 2023 साली पद्मश्री मिळाली. मुलांस येथे पाहावयास सांगावे ते सापाकडे कमी आणि त्या माणसाच्या हालचालींकडे अधिक: तो किती सावकाश वळतो, पाय कोठे ठेवतो, नजर कोठे असते. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान असलेला माणूस इतका जपतो, हे पाहिलेले मूल सापाच्या वाटेस सहसा जाणार नाही.

कार्यक्रमाचा उत्तरार्ध हाताच्या कामाचा ठेवावा. मुलांनी एकमेकांस रोगी व शुश्रूषक बनवून दंश झालेला पाय फळी आणि पट्टी यांनी स्थिर करावा, रोग्यास चालू न देता उचलून न्यावे. कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांतले काही करावयाचे नाही. रुग्णालय आणि प्रतिविष हाच उपाय. नंतर प्रत्येकाने आपल्या घराचा नकाशा काढून त्यात लाकडांचा ढीग, धान्याची जागा, उंदरांची बिळे आणि रात्री कोण कोठे निजते हे दाखवावे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास चावते. दंश इतका कमी दुखतो की कित्येकदा माणूस जागाही होत नाही, आणि पहाटे पोटात कळा येतात अथवा पापण्या जड होतात तेव्हा फार वेळ गेलेला असतो. उंदरांची बिळे व अंथरूण नकाशावर किती जवळ आली आहेत, हे पाहून मुले स्वतःच अस्वस्थ होतात.

महिनाभराने केंद्राने शाळेस एक पत्र पाठवावे. सापांची किती नावे आठवतात, हे त्यात विचारू नये. किती घरांत लाकडाचा ढीग हलविला, आणि किती घरांत मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली खोचली जाते, एवढेच विचारावे. आणि ज्या घरी मच्छरदाणीच नाही, त्यांची यादी मागवून घ्यावी.