अंतर किलोमीटरचे, हिशेब तासांचा

‘मजल’ हा शब्द मराठीत आता ‘मजल मारणे’, ‘मजल दरमजल’ अशा वाक्प्रचारांपुरताच उरला आहे. मुळात मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल. बैलगाडीने वा घोड्यावरून निघालेला प्रवासी अंतर कोसांत जाणत असे, परंतु बेत मजलांत आखीत असे. बैलांचा दम, वाटेतील घाट, नदीचा उतार, पाण्याची सोय आणि मुक्कामाचे गाव या सर्वांचा विचार त्या एका शब्दात आधीच झालेला असे. विश्रांती ही मजलेतून वजा करावयाची गोष्ट नव्हती; ती मजलेचाच भाग होती. मोटार आली, दगडांवर किलोमीटर लिहिले गेले आणि मजलेची जागा एका भागाकाराने घेतली. अंतराला वेगाने भागले की तास मिळतात, हे शाळकरी गणित आज सहकुटुंब प्रवासाला निघणारा प्रत्येक गृहस्थ करतो, आणि बहुतेकदा ते चुकते.

ते का चुकते हे पाहण्यापूर्वी भागाकार बरोबर आला तरी तो काय सांगतो, हे तपासले पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. घाटाचा विचार क्षणभर बाजूला ठेवू. ताशी १०० किलोमीटरच्या सलग वेगाने हे अंतर सुमारे ५७ मिनिटांत कापले जाईल. ताशी १२० च्या वेगाने सुमारे ४७ मिनिटांत. म्हणजे वेगमर्यादा मोडून, मार्गिका बदलीत, मालमोटारींच्या मधून वाट काढीत जी कमाई होते ती साडेनऊ मिनिटांची. आणि तीही घाट नसता तर. हा महामार्ग कळंबोलीला संपतो. तेथून दादरला पोहोचेपर्यंत ही साडेनऊ मिनिटे दोन-तीन सिग्नलांत कधी विरून जातात, ते गाडीतल्या कोणाला कळतही नाही.

अर्थशास्त्रात घटत्या सीमांत फलाचा नियम शिकविताना शेत आणि मजूर यांचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. मोटारीचा वेग हे त्याहून सोपे उदाहरण ठरेल. समृद्धी महामार्गाची एकूण लांबी ७०१ किलोमीटर. ताशी ८० ने ती कापण्यास पावणेनऊ तास लागतात. ताशी १०० ने सात तास. ताशी १२० ने, म्हणजे मोटारींना तेथे असलेल्या कमाल मर्यादेने, पाच तास पन्नास मिनिटे. पहिल्या २० किलोमीटरच्या वाढीने पावणेदोन तास वाचले, दुसऱ्या तेवढ्याच वाढीने एक तास दहा मिनिटे. मर्यादा मोडून १४० वर गेले तर आणखी पन्नास मिनिटे. लाभ असा उतरत जातो, परंतु किंमत उतरत नाही; ती चढते. गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १०० च्या तुलनेत १४० ला ब्रेक दाबल्यापासूनचे अंतर जवळजवळ दुप्पट होते. हवेचा विरोधही त्याच प्रमाणात वाढत असल्याने इंधनाचे बिल वेगळे.

या महामार्गाची जाहिरात ‘नागपूर ते मुंबई आठ तास’ अशी झाली. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आठ तासांचा आकडा खोटा नाही. मर्यादेत राहून, वाटेत दोन तास थांबूनही तो साधता येतो. परंतु तो शिवमडका ते आमणे या रस्त्याचा आकडा आहे, घरापासून घरापर्यंतचा नव्हे. आमणे भिवंडी तालुक्यात आहे. अंधेरीच्या वा चेंबूरच्या माणसाचा प्रवास तेथे संपत नाही. त्याचा सर्वांत मंद भाग तेथे सुरू होतो.

आणि लांबच्या प्रवासाच्या हिशेबातील मुख्य गोम या मंद भागातच आहे. समजा, दोनशे किलोमीटर जावयाचे आहे. निम्मा रस्ता घाटाचा व गावांतून जाणारा, तेथे वेग ताशी ४०. उरलेला निम्मा मोकळा, तेथे ८०. सरासरी वेग किती, असे विचारले तर दहांतले आठ जण ६० म्हणतील. वस्तुत: पहिल्या शंभर किलोमीटरना अडीच तास आणि दुसऱ्या शंभरांना सव्वा तास, असे पावणेचार तास लागतात, सरासरी पडते ५३. मोकळ्या रस्त्यावर वेग ८० वरून १०० केला तर पंधरा मिनिटे वाचतात. मंद भागात तो ४० वरून अवघा ५० झाला तर तीस मिनिटे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९७० च्या दशकापासून या भ्रमाचा अभ्यास केला. आधीच वेगात असताना आणखी वेग वाढविल्याने वाचणारा वेळ माणसे फुगवून सांगतात, आणि संथ गती थोडी सुधारल्याने वाचणारा वेळ कमी लेखतात, असे त्यांना आढळले. सुशिक्षितपणाने हा भ्रम जातो असे मानण्यास आधार नाही.

याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. वेळ वाचवावयाचा असेल तर तो ॲक्सिलरेटरखाली शोधू नये. जेथे गाडी रखडते तेथे शोधावा. कशेडी घाटाखालून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाल्यावर कोकणात जाणाऱ्यांचा जो वेळ वाचला, तो खुल्या चौपदरी रस्त्यावर कितीही दामटून वाचला नसता. बोगदा काही प्रवाशाच्या हाती नाही, परंतु निघण्याची वेळ त्याच्या हाती आहे. सकाळी साडेपाचला पुणे सोडणारा आणि साडेआठला सोडणारा यांच्यात अंतर तीन तासांचे नसते. शहराबाहेर पडण्यात आणि दुसऱ्या शहरात शिरण्यात ते आणखी वाढते. इंधन आदल्या रात्री भरणे, टायरांतील हवा तेव्हाच पाहणे, फास्टॅगमध्ये शिल्लक आहे की नाही याची खात्री करणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय महामार्गांवर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग बंधनकारक झाला. तेव्हापासून पथकर नाक्यावर रखडण्याचे एक कारण रिकामे खाते हेच असते.

मग थांबे. पाच वेळा पंधरा-पंधरा मिनिटे थांबले की पाऊण तास अधिक अर्धा तास, म्हणजे पंचाहत्तर मिनिटे होतात. नागपूर ते आमणे संपूर्ण अंतर १०० ऐवजी १२० ने कापून मिळणाऱ्या सत्तर मिनिटांहून ही अधिक आहेत. त्यातही पंधरा मिनिटांचा थांबा पंधरा मिनिटांत संपत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. एकाला चहा हवा असतो, तासाभराने दुसऱ्याला भूक लागते, त्यानंतर मुलाला उलटी होते आणि मग कोणाला तरी नातेवाइकांसाठी चिक्की घ्यावयाची आठवण होते. चहा, जेवण, इंधन आणि प्रसाधनगृह ही कामे दोन मोठ्या थांब्यांत एकत्र आणणे, ही वेळ वाचविण्याची सर्वांत स्वस्त युक्ती होय. थांबे मुळीच न घेणे ही मात्र युक्ती नव्हे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार मालमोटारी व बस यांच्या चालकाला साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते, आणि ती घेतली की नाही हे गाडीतले नोंदयंत्र सांगते. घरच्या गाडीच्या चालकाचे डोळे याहून वेगळ्या मातीचे बनलेले नसतात.

अंदाज चुकण्याचे आणखी एक कारण गणितात नसून स्वभावात आहे. डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये नियोजनातील एका नित्याच्या चुकीला नाव दिले: कामाला किती वेळ लागेल हे ठरविताना माणूस सर्व काही सुरळीत पार पडेल असे चित्र डोळ्यांपुढे आणतो आणि तशाच कामांना पूर्वी किती वेळ लागला ते पाहत नाही. दरवर्षी कोल्हापूरला सात तासांत पोहोचणारे कुटुंब दरवर्षी पाच तास धरून निघते. दोन तास कोठे गेले, याची कारणे दरवेळी निराळी असतात. एकदा पंक्चर, एकदा पाऊस, एकदा मिरवणूक. कारणे निराळी म्हणून दरवेळी तो अपवाद मानला जातो. मोबाइलमधील नकाशा या बाबतीत माणसापेक्षा शहाणा आहे, कारण तो वाहतुकीचा आजवरचा अनुभव जमेस धरतो. तथापि तो केवळ चालत्या गाडीचा वेळ सांगतो, चिक्कीचा नाही.

एस. टी.चे वेळापत्रक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून या व्यवस्थेने वेळेचा हिशेब थांब्यांसह मांडला. स्थानकात गाडी उभी राहणे, जेवणाचा थांबा, चालक-वाहक बदलणे हे सारे त्यात गृहीत असते. एस. टी. उशिरा येते ही तक्रार जुनी आहे व बऱ्याचदा खरीही; परंतु तिच्या वेळापत्रकाची रीत खासगी गाडीवाल्याच्या मनातल्या आकड्यापेक्षा प्रामाणिक आहे. मजलेची जुनी कल्पना थोडीफार जिवंत राहिली असेल तर ती तेथे.

एकट्याने केलेला चोख हिशेबही सर्वांनी एकाच वेळी केला की कोसळतो. गणेशचतुर्थीच्या आदल्या दोन-तीन रात्री मुंबईहून कोकणाकडे निघालेल्या वाहनांची जी रांग लागते, तिच्यातील प्रत्येकाने ‘रात्री रस्ता मोकळा असेल’ असाच विचार केलेला असतो. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६९ मधील लेखात नेमका हाच प्रश्न मांडला होता. पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रस्त्याचा गळा अरुंद आणि सर्वांची पोहोचण्याची वेळ एकच, अशी स्थिती असली की प्रवासी दोन प्रकारे किंमत मोजतो: रांगेत उभा राहून, किंवा गैरसोयीच्या वेळी निघून. विक्री यांचा उपाय गर्दीच्या वेळी पथकर वाढविण्याचा होता. आपल्याकडे त्याच दिवसांत गणेशभक्तांना पथकर माफ होतो! तर्कशास्त्राला हे उलटे वाटेल. पण चाकरमान्याची तारीख पंचांगाने ठरविलेली असते आणि रजा साहेबाने, हे ध्यानात घेतले तर त्याच्याकडून जादा दाम घेणे न्याय्य ठरत नाही. ज्याला शक्य आहे त्याने दोन दिवस आधी निघणे, एवढाच मार्ग त्याच्यापुरता उरतो. शासन त्या दिवसांत अवजड वाहनांना बंदी घालते, तो या उपायाचाच सरकारी अवतार म्हणावा लागेल.

हा सारा खटाटोप काही मिनिटांसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. तसे ते काही मिनिटांपुरते राहत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. पोलिसी नोंदीत ‘अतिवेग’ हे सोयीचे सदर आहे, रस्त्याचे दोष आणि चालकाची झोप त्यात लपून जातात, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु झोप आणि अतिवेग या गोष्टी अनेकदा एकाच मुळातून येतात: न जमणारी वेळ आधी कबूल केलेली असते. उशीर झाला की ती वेगाने भरून काढावयाची आणि वेगाने भरली नाही की विश्रांती कापावयाची.

हे वचन स्वत:च्या गाडीत स्वत:शीच दिलेले असते, तेव्हा ते मोडता येते. भाड्याच्या गाडीचे तसे नाही. तेथे वेळ कबूल करतो मालक, उपभोगतो गिऱ्हाईक आणि फेडतो चालक. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाचे आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती; मात्र तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच आपोआप लागू होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने त्याची जागा घेतली, तर तिच्यातही आस्थापनेची सर्वसाधारण व्याख्या दहा कामगारांपासून सुरू होते. गावोगावच्या नाक्यांवर उभ्या असलेल्या गाड्या बहुधा एकेका-दोनदोन गाड्यांच्या मालकांच्या असतात. शिर्डीची फेरी संपवून मध्यरात्री परतलेला चालक पहाटे पाचला अष्टविनायकाच्या फेरीवर निघाला, तर त्याला अडविणारी यंत्रणा नाही. त्याला अडविण्यात मालकाचा तोटा आहे, आणि बहुधा त्याचा स्वत:चाही, कारण भत्ता फेरीमागे मिळतो. गाडी ठरविताना गिऱ्हाईक किलोमीटरचा दर विचारते, गाडी वातानुकूलित आहे का हे विचारते, ‘किती वाजेपर्यंत पोहोचवाल’ हेही विचारते. चालक काल रात्री किती वाजता घरी पोहोचला, हा प्रश्न त्या फोनवर सहसा येत नाही.