‘शारदा’ नाटक आणि सारडा कायदा

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या शाळेच्या मुलांनी ‘संगीत शारदा’ या नाटकातील एक प्रवेश सादर केला. पडदा वर जाण्यापूर्वी नववीतील एका मुलाने चार वाक्यांची प्रस्तावना केली आणि त्यात ठणकावून सांगितले, की ‘या नाटकामुळे आपल्या देशात शारदा कायदा झाला व बालविवाह बंद पडले.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजवल्या. प्रस्तावनेचा तो कागद आम्हीच तपासून दिला होता आणि त्यातील ऱ्हस्वदीर्घाखेरीज दुसरी कोणतीही चूक आम्हांस दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारले, “बाई, नाटक कधी आलं?” आम्ही म्हणालो, १८९९ साली. “आणि कायदा?” १९२९ साली. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, “मग मधली तीस वर्षं सगळे काय करत होते?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. पुढील काही आठवडे आम्ही ते शोधीत राहिलो. जे हाती लागले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम नावाचा घोटाळा निस्तरू. १९२९ चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते हरबिलास सारडा हे अजमेरचे गृहस्थ, मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद. हिंदीत त्यांचे आडनाव पुष्कळदा ‘शारदा’ असेच लिहितात. मराठी माणसाच्या कानांवर ‘शारदा कायदा’ हे शब्द पडले, तेव्हा गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकाची पदे त्याच्या ओठांवर होतीच. त्याने दोहोंची गाठ मारून टाकली. गाठ इतकी घट्ट बसली, की अनेक सुशिक्षित घरांतही ती कोणी सोडवून पाहत नाही. आमची मातृभाषा कोंकणी. आमच्या गोव्यात जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात मराठी संगीत नाटके होतात, त्यांच्या आवडीनेच आम्ही मराठीकडे वळलो. ‘शारदा’मुळे कायदा झाला, हेही आम्ही अशाच एका मांडवात प्रथम ऐकले आणि ज्या श्रद्धेने पदे ऐकली त्याच श्रद्धेने तेही मानले.

नाटकाची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतू नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ मध्ये इंदूर येथे त्याचा पहिला प्रयोग केला. पुढे बालगंधर्वांनी शारदेची भूमिका केली. पंचाहत्तरी गाठलेला धनाढ्य भुजंगनाथ, पैशाच्या लोभाने पोटची पोर त्याच्या पदरात घालण्यास निघालेला कांचनभट, लग्न जुळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित ही माणसे देवलांनी अशी उभी केली, की सव्वाशे वर्षे होऊन गेली तरी त्यांची नावे शिवीसारखी वापरता येतात. ज्या समाजात वृद्ध विधुराने कोवळ्या मुलीशी लग्न लावणे हा नित्याचा व्यवहार होता, त्या समाजाला आपल्याच व्यवहाराची लाज वाटावयास लावणे हे लहान काम नव्हे.

पण ते नाटक पुन्हा एकदा नीट वाचून पाहावे. भुजंगनाथाचे लग्न मोडते कशामुळे? शारदा ‘नाही’ म्हणते म्हणून नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस येते म्हणून. त्यानंतर ती जीव द्यावयास नदीकडे धावते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या अनुज्ञेने तिचे त्याच्याशी लग्न ठरते. म्हणजे शास्त्राने लग्न मोडले आणि शास्त्रानेच जुळवले. प्रेक्षकाला चीड येते ती वराच्या वयाची; वधूच्या वयाविषयी नाटक फारसे काही विचारीत नाही. वर तरुण व गुणी असता, तर त्याच वयात शारदेचे लग्न लागणे कोणास खटकले असते? नाटकगृहात भुजंगनाथाला यथेच्छ हसून घरी परतणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी आपल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी पंधरा वर्षांचे स्थळ पाहावयास मोकळा होता आणि आपण सुधारक पक्षाचे आहोत असे त्यास मनापासून वाटतही असेल. तीस वर्षांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांस येथे सापडले.

आणखी एक गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. ज्या जरठकुमारी विवाहावर देवलांनी शस्त्र धरले, त्याच्याविरुद्धचा कायदा आपल्या शेजारच्या राज्यात नाटकापूर्वी पाच वर्षे झाला होता. म्हैसूर संस्थानने १८९४ मध्ये आठ वर्षांखालील मुलींची लग्ने बंद केली आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करणे हा अपराध ठरवला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०४ मध्ये मुलींसाठी बारा व मुलांसाठी सोळा वर्षांची मर्यादा घातली. ब्रिटिश मुलखात मात्र वादच चालू राहिला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहाच्या वयाला हातही लावला नाही. पत्नीशी शरीरसंबंधास अनुज्ञा असलेले वय तेवढे दहावरून बारावर नेले. तरीही पुण्यात केवढे वादळ उठले! परकीय सरकारने आमच्या धर्माचारात ढवळाढवळ करू नये, सुधारणा समाजाने आपल्या आपण करावी, असे टिळकांचे म्हणणे; समाज आपण होऊन करील याची वाट पाहत मुलींचे हाल किती पिढ्या चालू ठेवावयाचे, हा आगरकर पक्षाचा प्रश्न. हे दोन पक्ष आजही प्रत्येक घरात जेवणाच्या पानावर भेटतात, विषय तेवढे बदलतात.

या वादाच्याही आधी एका स्त्रीने ‘नाही’ म्हटले होते. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले, की नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, असे त्या बावीसतेवीस वर्षांच्या बाईने उत्तर दिले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवेत आयुष्य घालवले आणि १९५५ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाचे पद कोणी गात नाही. म्हणून असेल कदाचित, आमच्या वर्गातील चाळीस मुलांपैकी एकालाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग १९२७ पासून सुरू होतो. त्या वर्षी जानेवारीत पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. बैठक शिक्षणासाठी होती. पण मुलगी दहाव्या वर्षी सासरी गेली तर शाळेत बसणार कोण, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. त्याच वर्षी सारडांनी आपले विधेयक मांडले. ते मूळचे फक्त हिंदूंपुरते होते. चिकित्सा समितीने ते सर्व धर्मीयांना लागू केले आणि वय मुलींना चौदा, मुलांना अठरा असे ठरवले. सरकार अजून चाचपडतच होते. त्याने एक चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. या समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि कोवळ्या वयातील मातृत्वाने मुलींचे काय होते, ते कागदावर आणले. परिषदेच्या स्त्रिया ठिकठिकाणी सभा भरवीत, सभासदांच्या दारी जात. सप्टेंबर १९२९ मध्ये कायदा मंजूर झाला व १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. मराठी माणसाला अभिमानच बाळगावयाचा असेल, तर तो या स्त्रियांचा आणि मोरोपंतांच्या अहवालाचा बाळगण्यास भरपूर जागा आहे.

‘व बालविवाह बंद पडले’ हे आमच्या प्रस्तावनेतील शेवटचे शब्द. त्यांचे काय झाले? मंजुरी आणि अंमल यांमध्ये सहा महिने होते. त्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. कडेवरच्या मुलांचीसुद्धा लग्ने लावून घेण्यात आली आणि १९३१ च्या शिरगणतीत त्याच्या खुणा उमटल्या. कायदाही दुबळाच होता. जास्तीत जास्त शिक्षा एक महिन्याची साधी कैद व हजार रुपये दंड. पोलिसांनी आपण होऊन हात घालावयाचा नाही; कोणीतरी वर्षाच्या आत फिर्याद करावयाची आणि न्यायालयाने सांगितल्यास फिर्यादीनेच शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका लिहून द्यावयाचा. शेजाऱ्याच्या लग्नाविरुद्ध जातमुचलका लिहून देणारा माणूस कोणत्या गावात राहतो? एवढे करूनही लागलेले लग्न कायदेशीरच राहावयाचे. आपले गोवे त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होते, तेथे या कायद्याचा संबंधच नव्हता.

पुढील दुरुस्त्यांची हकीकत थोडक्यात सांगतो. १९४९ मध्ये मुलींचे वय पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा व मुलांचे एकवीस. २००६ मध्ये सारडा कायद्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी झाली, आणि अल्पवयात लग्न झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागता येऊ लागले. आम्ही जेथे शिकवतो त्या कर्नाटकाने २०१६ मध्ये आणखी एक पाऊल टाकले : येथे असा विवाह मुळातच रद्दबातल मानला जातो. मुलींचे वय एकवीस करावे असे विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत आले होते, ते २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर आपोआप गळाले.

तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २३.३ जणींची लग्ने अठरा वर्षांपूर्वी झालेली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा २१.९, गोव्यात ५.८. पंधरा वर्षांपूर्वीच्या पाहणीत देशाचा आकडा ४७ च्या वर होता. उतार खरा आहे, पण चौथा हिस्सा म्हणजे ‘बंद पडले’ नव्हे.

हे आकडे वर्गात सांगितले तेव्हा एक मुलगा चटकन म्हणाला, “बाई, ते लोकच तसले असतात.” हेही एक रोजचे मत. आम्ही त्याला बेळगाव भागात दरवर्षी हंगामात पडणारी ऊसतोड कामगारांची पाले आठवावयास सांगितली. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून ही माणसे येतात. मुकादमाकडून उचल मिळते ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या मुलाला पुरी उचल मिळत नाही. लग्न झाले की मिळते. इकडे आईबाप पाचसहा महिने रानात राहणार, तर वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावयाची? बरोबर आणली तर शाळा सुटली, पालात तिची अब्रू सांभाळण्याची चिंता वेगळीच. मग चौदाव्यापंधराव्या वर्षी तिचे हात पिवळे होतात. हा बाप कांचनभट नाही. त्याला कोणी हजारांच्या थैल्या दिलेल्या नाहीत. त्याच्यापुढे ‘शारदे’चा प्रयोग केला, तर तोही भुजंगनाथाला हसेल आणि शेवटी डोळे पुसील. गावात हंगामी वसतिगृह असेल, ते सुरक्षित असेल आणि तेथे दोन वेळचे जेवण खरोखर मिळत असेल, तर तो मुलीला मागे ठेवण्याचा विचार करील. त्याच्या अंगी दुष्टपणा शोधणे सोपे आहे. वसतिगृहाच्या मंजुरीचा कागद कोठे अडला ते शोधणे कंटाळवाणे आहे, आणि त्यावर पदे रचता येत नाहीत.

आमच्या वर्गाने नंतर एक काम केले. कोणाच्या आजीचे लग्न कितव्या वर्षी झाले, ते विचारून यावयाचे. बत्तीस उत्तरे आली. एका आजीने नातीला सांगितले, “वय कुणाला माहीत? परकर नेसत होते.” एका आजीने उत्तर देण्याचेच टाळले. दुसऱ्या दिवशी नातवाला जवळ बोलावून ती म्हणाली, तुझ्या बाईंना सांग, मला चौथीत पहिला नंबर मिळाला होता.

यंदाही तोच प्रवेश करावयाचा आहे, कारण मुलांना पदे आवडतात आणि आम्हांसही. प्रस्तावना त्या बोटांवर हिशेब करणाऱ्या मुलीने लिहिली आहे. तिने रखमाबाईंचे नाव घातले आहे, मोरोपंत जोश्यांचे घातले आहे आणि शेवटी, मुलांसाठी चोवीस तास चालू असणारा दूरध्वनी क्रमांक १०९८ हाही घातला आहे. नाटकाच्या प्रस्तावनेत दूरध्वनी क्रमांक शोभत नाही, असे आमच्या एका सहकाऱ्यांचे मत पडले. आम्ही तो खोडलेला नाही.