ऑफिसचा पीसी रिमोट डेस्कटॉपवर उघडत नाहीये? फायरवॉलला शिव्या देण्याआधी हे चार टप्पे तपासा

महिन्याची १९ तारीख, संध्याकाळचे सहा. आमच्या ऑफिसच्या अकाउंट्स बघणाऱ्या ताईंचा फोन आला. पाय फ्रॅक्चर असल्यामुळे त्या तीन आठवडे घरूनच काम करत होत्या. "अरे, माझं मशीन उघडतच नाहीये. शुक्रवारी तर चालू होतं. उद्या ३बी भरायचाय, सगळा डेटा तिकडेच आहे!"

ज्यांना जीएसटी रिटर्नची २० तारीख माहीत आहे त्यांना त्या आवाजातलं टेन्शन लगेच कळेल. मी तेव्हा ऑफिसातच होतो. पुढच्या दीड तासात जे केलं तेच आज क्रमाने सांगतो, कारण हा प्रॉब्लेम छोट्या ऑफिसांत वारंवार येतो आणि बहुतेक जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. मीही केली होती.

आधी थोडं बेसिक

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ३३८९ नंबरच्या पोर्टवर चालतं. पोर्ट म्हणजे बिल्डिंगमधला फ्लॅट नंबर समजा. आयपी अॅड्रेस तुम्हाला बिल्डिंगपर्यंत नेतो, कोणत्या दारावर टकटक करायची ते पोर्ट सांगतो. आणि वॉचमन एक नसतो, दोन असतात. एक गेटवरचा, म्हणजे ऑफिसचा फायरवॉल बॉक्स. दुसरा फ्लॅटच्या दारातला, म्हणजे त्या पीसीमधला विंडोजचा स्वतःचा फायरवॉल. आपण पहिल्याला धारेवर धरतो आणि दुसऱ्याला विसरून जातो.

त्यात विंडोजचा एरर मेसेज अजिबात मदत करत नाही. तो तीन कारणं सुचवतो: रिमोट अॅक्सेस चालू नसेल, कॉम्प्युटर बंद असेल, किंवा तो नेटवर्कवर नसेल. फायरवॉलचं नावच नाही!

आमच्याकडे शनिवारी जुना फायरवॉल बॉक्स काढून नवा बसवला होता. त्यामुळे माझा संशय सरळ त्याच्यावर. व्हेंडरच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणाला, "सर, ३३८९ डायरेक्ट फॉरवर्ड करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

मी जवळजवळ हो म्हणणार होतो. का नाही म्हटलं ते शेवटी सांगतो.

टप्पा १ : पीसी ऐकतोय का?

ताईंच्या पीसीसमोर जाऊन बसलो. मशीन चालू होतं, स्लीपमध्ये गेलेलं नव्हतं. (हे हसण्यावारी नेऊ नका, अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.) सेटिंगमध्ये रिमोट डेस्कटॉप ऑन होतं. विंडोज प्रो होतं. होम एडिशन असेल तर पुढे जाऊच नका, त्यावर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेताच येत नाही.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटस्टॅट' ही कमांड 'ए' आणि 'एन' हे पर्याय देऊन चालवली. यादीत ३३८९ समोर 'लिसनिंग' दिसलं. म्हणजे घरात माणूस आहे, दार उघडायला तयार आहे.

टप्पा २ : शेजारच्या पीसीवरून प्रयत्न करा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि हाच सगळे गाळतात. त्याच ऑफिसातल्या दुसऱ्या पीसीवर पॉवरशेल उघडा. 'टेस्ट-नेटकनेक्शन' या कमांडला ताईंच्या पीसीचा आयपी आणि पोर्ट ३३८९ द्या. उत्तरात शेवटी 'ट्रू' किंवा 'फॉल्स' येतं.

मला 'फॉल्स' आलं. इथे माझी ट्यूब पेटली.

एकाच सबनेटमधले दोन पीसी बोलतात तेव्हा डेटा स्विचमधून सरळ जातो. तो फायरवॉल बॉक्सपर्यंत पोचतच नाही. म्हणजे ज्या नव्या बॉक्सला मी अर्धा तास शिव्या देत होतो, त्याचा या बिघाडाशी थेट संबंध नव्हता. दोषी होता दारातला वॉचमन.

एक सूचना: फक्त पिंगवर विसंबू नका. विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही, आणि उत्तर आलं तरी ३३८९ उघडं आहे असं सिद्ध होत नाही. पोर्टचीच टेस्ट करा.

टप्पा ३ : नेटवर्क 'पब्लिक' झालंय का?

विंडोज प्रत्येक नेटवर्कला एक शिक्का मारतं. घर-ऑफिसचं असेल तर 'प्रायव्हेट', रेल्वे स्टेशन-कॅफेसारखं असेल तर 'पब्लिक'. आपण कोणत्या नेटवर्कवर आहोत हे ते गेटवेच्या हार्डवेअर अॅड्रेसवरूनही ओळखतं. बॉक्स बदलला, गेटवे बदलला, आणि विंडोजला वाटलं आपण अनोळखी जागी आलोय. शिक्का 'पब्लिक' झाला.

आमच्या आधीच्या आयटीवाल्याने विंडोजचे तयार रूल बंद करून रिमोट डेस्कटॉपसाठी स्वतःचा रूल बनवला होता, आणि तो फक्त 'प्रायव्हेट'साठी. शिक्का बदलताच रूल लागू होणं थांबलं. म्हणजे बॉक्स दोषी नव्हता, पण बॉक्स बदलल्यामुळेच हे झालं होतं.

उपाय सोपा: सेटिंगमधल्या नेटवर्क विभागात जाऊन त्या कनेक्शनचं प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा. शेजारच्या पीसीवरून पुन्हा टेस्ट केली, 'ट्रू'! ताईंना विजयी आवाजात फोन केला.

"नाही रे, अजून तसंच आहे."

टप्पा ४ : आता बाहेरून, व्हीपीएनमधून

पण आता माहिती बदलली होती. ऑफिसातून चालतंय, व्हीपीएनमधून नाही. म्हणजे उरल्या तीनच जागा.

पहिली, घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे अॅड्रेस. असं असेल तर ताईंचा लॅपटॉप ऑफिसचा पीसी आपल्याच घरात शोधत बसतो. त्यांच्या घरची रेंज वेगळी होती, हे कारण बाद.

दुसरी, बॉक्समध्ये व्हीपीएनकडून आतल्या नेटवर्कला ३३८९ ची परवानगी नसणं. लॉग बघितला तर परवानगी होती, पॅकेट आत जात होतं.

तिसरी, पुन्हा दारातला वॉचमन. विंडोज फायरवॉलच्या अॅडव्हान्स्ड सिक्युरिटी विंडोमध्ये इनबाउंड रूल उघडा आणि 'स्कोप' टॅब बघा. आमच्या रूलमध्ये लोकल सबनेट आणि जुन्या व्हीपीएनची रेंज एवढंच लिहिलं होतं. नवा बॉक्स व्हीपीएनवाल्यांना वेगळीच रेंज देत होता. ती टाकली, जुनी काढली. साडेसातला ताईंच्या स्क्रीनवर त्यांचं मशीन उघडलं. रिटर्न दुसऱ्या दिवशी दुपारी भरला गेला.

लक्षात ठेवा, एका बिघाडामागे दुसरा लपलेला असू शकतो. एक बदल करा, टेस्ट करा, मगच पुढचा. आणि 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा' असा मेसेज येत असेल तर फायरवॉल सोडा, तो तुम्ही आधीच पार केलाय.

मग पोर्ट फॉरवर्ड का नाही?

कारण मी ते एकदा केलंय. कॉलेजला असताना घरच्या पीसीचं ३३८९ पोर्ट 'एका रात्रीपुरतं' इंटरनेटला उघडं ठेवलं होतं. सकाळी इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ नंबरच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची पानंच्या पानं. माझा पत्ता कोणालाही दिलेला नव्हता. असे स्कॅनर दिवसरात्र सगळ्या इंटरनेटवर दारं ठोठावत फिरत असतात.

पासवर्ड भारी असला तरी सुटका नाही. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी सापडली, तिला पासवर्ड लागतच नव्हता. मायक्रोसॉफ्टने मे २०१९ मध्ये सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला, यावरून गांभीर्य समजा. पोर्टचा नंबर बदलून ठेवणं हाही उपाय नाही, स्कॅनर तोही शोधतात.

त्या संध्याकाळी मी हो म्हटलं असतं, तर ऑफिसची सगळी हिशेबाची मशीन रॅन्समवेअरवाल्यांच्या समोर उघडी पडली असती. आणि गंमत म्हणजे ताईंचं काम तरीही झालं नसतं, कारण अडवणारा वॉचमन पीसीच्या दारातच उभा होता!

म्हणून आत यायचं तर व्हीपीएनमधूनच, शक्य असेल तर ओटीपीसह. आणि बॉक्स किंवा राउटर बदलायची वेळ आली की त्याच दिवशी, माणूस साइटवर असतानाच, घरून एकदा लॉगिन करून बघायचं. आम्ही हे शनिवारी केलं असतं, तर १९ तारखेला कोणाचाच बीपी वाढला नसता.