लायसन्स नसले तरी विमा निघतो. पण वेळेला कामी येतो का?

तिरोडा तालुक्यातले चोरखमारा हे नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेले गाव. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि चोरखमारा गेटचे नाव पर्यटकांच्या तोंडी आले. या पट्ट्यातल्या आपल्या समाजाच्या घरांतही आता आधी मोटारसायकल, मग जुनी का होईना पण चारचाकी, कुठे पिकअप अशी वाहने येत आहेत. बहुतेक घरांत ही पिढीतली पहिलीच गाडी असते आणि ती चालवणारा मुलगा किंवा मुलगीही नवशिकी असते.

अशा घरांतून दोन प्रश्न नेहमी ऐकू येतात. लायसन्स अजून लर्निंगच आहे, तर विमा महाग पडेल का? आणि घरात कोणाकडेच लायसन्स नाही, तर विमा निघेल का? उत्तर सोपे आहे. विमा महाग पडत नाही आणि तो निघतोही. पण एवढेच ऐकून निश्चिंत झालेल्या कुटुंबाला पुढे अपघाताच्या दिवशी मोठा धक्का बसू शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

विम्याचा हप्ता कशावर ठरतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झाले किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई यातून होते. याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या कारला ७,८९७ रुपये पडतात. जीएसटी वेगळा. यात इंजिन किती मोठे आहे एवढेच पाहिले जाते. चालवणारा अठरा वर्षांचा आहे की पन्नास, लायसन्स कालचे आहे की वीस वर्षांपूर्वीचे, याने एक रुपयाही कमी-जास्त होत नाही.

लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्यात आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग जोडलेला असतो. चोरखमाऱ्याच्या रस्त्यावर रात्री नीलगाय किंवा रानडुक्कर आडवे येऊन गाडी ठोकली, तर दुरुस्तीचा खर्च फक्त याच भागातून मिळू शकतो. थर्ड पार्टीतून मिळत नाही. या भागाचा हप्ता गाडीची किंमत, तिचे वय, इंजिन आणि नोंदणीचे ठिकाण यांवर ठरतो. मुंबई, पुणे, दिल्लीसारखी आठ शहरे एका झोनमध्ये आणि गोंदियासह उरलेला देश दुसऱ्या झोनमध्ये, अशी जुनी विभागणी आहे. वर्षभर क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी या भागात २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. नव्या मालकाची सुरुवात शून्य सुटीने होते. नवशिक्याला विमा महाग वाटतो त्याचे एक कारण हे आहे. लायसन्सचा त्यात संबंध नाही.

परदेशात चित्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये विमा कंपनी आधी चालकाचे वय आणि लायसन्स किती वर्षांचे आहे ते विचारते, आणि तरुण नवशिक्याला जबर हप्ता लावते. आपल्याकडची मुले तिकडे शिकायला जातात तेव्हा भारतीय लायसन्सवर त्यांना तिथे १२ महिने गाडी चालवता येते, पण विमा स्वस्तात मिळत नाही. आपल्याकडेही २०२२ पासून विमा नियामकाने चालवण्याच्या सवयीनुसार हप्ता आकारण्याची परवानगी दिली आहे, पण ती ऐच्छिक जोड आहे.

थोडक्यात, ब्रिटनमध्ये लायसन्सची किंमत आधीच वसूल होते. आपल्याकडे ती नंतर वसूल होते आणि तेव्हा ती हजारांत नसते, लाखांत असते.

अपघातानंतर पहिला कागद लायसन्सचा मागतात

पॉलिसीच्या कागदावर ‘चालक’ या शीर्षकाखाली एक अट छापलेली असते. ती फारसे कोणी वाचत नाही. अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचे वैध लायसन्स असले पाहिजे, अशी ती अट आहे. ती मोडली तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम कंपनी नाकारू शकते.

थर्ड पार्टीच्या बाबतीत न्यायालयांनी पीडित कुटुंबाची बाजू सांभाळली आहे. ५ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात सांगितले की, लायसन्स नव्हते एवढे म्हणून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे कंपनीने सिद्ध करावे लागेल. तसे सिद्ध झाले तरी अनेक निकालांत कंपनीला आधी पीडितांना पैसे द्यायला आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायला सांगितले जाते. कोर्टकचेरीत याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात.

याचा अर्थ घरच्या भाषेत पाहू. समजा, गोंदियाच्या मोटार अपघात न्यायाधिकरणाने मृताच्या कुटुंबाला १२ लाख रुपये मंजूर केले आणि आपला मुलगा विनालायसन्स गाडी चालवत होता. कंपनी ते १२ लाख भरेल आणि मग आपल्या दारात येईल. दोन एकर धानाची शेती, घर, नोकरदाराचा पगार, या सगळ्यावर ती वसुली येऊ शकते. वर्षाला दोन-तीन हजारांचा हप्ता न चुकता भरूनही.

लर्निंग लायसन्स चालते का?

चालते, पण अटींसह. वर सांगितलेल्या निकालातच न्यायालयाने लर्निंग लायसन्स हेही लायसन्सच आहे, असे मानून विमा कंपनीची जबाबदारी कायम ठेवली. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ३ पाळावा लागतो. शेजारी पक्के लायसन्स असलेली शिकवणारी व्यक्ती बसलेली हवी, आणि तिला गाडी थांबवता येईल अशा जागी ती असावी. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. मोटारसायकल शिकताना शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही.

काही पॉलिसींतली आणखी एक बारीक ओळ महत्त्वाची आहे. लर्निंगवाला गाडी चालवू शकतो, पण त्या वेळी गाडीतून प्रवासी वाहतूक होत नसावी. म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गाडी भरून नातेवाईक दीक्षाभूमीला नेताना स्टिअरिंग लर्निंगवाल्याच्या हाती देणे हे विम्याच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. आणि त्याच खाजगी गाडीत भाडे घेऊन लोक बसवले, तर पक्के लायसन्स असूनही पॉलिसीतली वापराची अट मोडते.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालते आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्यासाठी परीक्षा देता येते. सहा महिने उलटले की तो कागद उरतो, लायसन्स राहत नाही.

मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा

लायसन्सचा विम्याच्या खर्चाशी थेट संबंध येतो तो फक्त इथे. २०१८ पासून गाडीमालक-चालकाला १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचे झाले. तेव्हा वर्षाचा दर ७५० रुपये होता, पुढे कंपन्यांना तो ठरवण्याची मोकळीक मिळाली. पण मालकाकडे वैध लायसन्स नसेल तर हे संरक्षण देताच येत नाही आणि त्याचे पैसेही घेता येत नाहीत. पॉलिसी तेवढी स्वस्त होते, १५ लाखांचे संरक्षण मात्र जाते.

आपल्या गावांत गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, असे सर्रास असते. हे संरक्षण नोंदणीकृत मालकाचे आहे. मुलाला काही झाले तर त्यावर विसंबून राहू नये, कारण थर्ड पार्टी विमाही चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवासाठी नसतो. मुलासाठी वेगळा अपघात विमा काढावा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचे अपघात संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या व्यक्तींसाठी आहे. निदान तेवढी तरी घरातल्या प्रत्येक चालकाची असावी.

गाडीवर पोट असणाऱ्या तरुणांसाठी

पर्यटकांची टॅक्सी किंवा पिकअप चालवणाऱ्यांना एक दिलासा आहे. हलक्या वाहनाचे लायसन्स असणाऱ्याने प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवली म्हणून विमा कंपन्या क्लेम अडवत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रंभा देवी खटल्यात स्पष्ट केले की, ७५०० किलोपर्यंतच्या अशा वाहनासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. ई-रिक्षा आणि धोकादायक मालाच्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत. फिटनेस मात्र सर्वांनाच लागते, आणि परमिट लागणाऱ्या गाड्यांना परमिटही.

आता करायचे काय?

एका प्रकारच्या वाहनासाठी लर्निंगपासून पक्क्या लायसन्सपर्यंतचे सरकारी शुल्क हजाराच्या आत आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. उलट विनालायसन्स चालवल्यास कायद्यात ५,००० रुपये दंड आहे, गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. अल्पवयीन मुलाने चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

घरातल्या मोठ्यांचे लायसन्सही काढून तारीख पाहा. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी झालेला अपघातही विनालायसन्स धरला जाऊ शकतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो.

आमची एक सूचना आहे. पुढच्या वेळी गावातून कार्यक्रमासाठी गाड्या निघतील तेव्हा विहाराच्या अंगणातच प्रत्येक चालकाचे लायसन्स, पॉलिसी आणि दोन्हींच्या तारखा पाहून घ्या. डिजिलॉकरमध्ये दाखवले तरी चालते. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ज्याची तारीख उलटली असेल त्याच्या हातातली किल्ली दुसऱ्याकडे देण्यात कसलाही अपमान नाही.