विमानवाहू नौकांचें बळ आणि मर्म

पनवेलच्या खाडीचें पाणी ज्या मुंबई बंदरास जाऊन मिळतें, त्या बंदरांत १९४२ च्या एप्रिल महिन्यांत ब्रिटिशांच्या पूर्वेकडील आरमाराचा वेगवान भाग आश्रयास आला. मोठमोठ्या तोफा बाळगणाऱ्या या नौकांना सिंहलद्वीपाजवळचा समुद्र सोडणें कां भाग पडलें, हें समजून घ्यावयाचें तर जपानच्या विमानवाहू नौकांची ओळख करून घेतली पाहिजे.

विमानवाहू नौका म्हणजे समुद्रावर तरंगणारा विमानतळच होय. तिचा वरचा डेक लांब व सपाट असतो. त्याखालीं विमानें ठेवण्याचें दालन असून तेथून तीं लिफ्टनें वर आणितात. उड्डाणाच्या वेळीं नौका वाऱ्याकडे तोंड करून वेगानें चालते. त्यामुळें समोरचा वारा पंखांना मिळतो आणि विमान थोडक्याच धांवेंत उचललें जातें. मोठ्या तोफेचा गोळा फार तर वीस-पंचवीस मैल जातो. विमान मात्र शेंकडो मैलांवर बाँब टाकून परत येतें. म्हणूनच नौका दृष्टीसही न पडतां तिचा घाव किनाऱ्यावर बसतो.

याचा प्रत्यय ५ एप्रिल १९४२ रोजीं, ईस्टरच्या पवित्र रविवारीं आला. सेनापति नागुमो यांच्या आकागी, सोर्यू, हिर्यू, शोकाकू व झुइकाकू या पांच नौकांवरील विमानांनीं कोलंबोवर हल्ला केला आणि त्याच दिवशीं कॉर्नवॉल व डॉर्सेटशायर या ब्रिटिश क्रूझर बुडविल्या. दुसऱ्या दिवशीं रियूजो या लहान नौकेवरील विमानांनीं विशाखापट्टण व काकिनाडा येथें बाँब टाकले. मद्रासचे असंख्य नागरिक शहर सोडून गेले. ९ एप्रिल रोजीं त्रिंकोमालीवर हल्ला झाला व हर्मीस ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडाली. त्या वेळीं हर्मीसवर एकही विमान नव्हतें. विमानांवांचून अशी नौका किती असहाय असते, हें यावरून दिसतें.

परंतु या नौकेचें बळ तेंच तिचें मर्म होय. तिच्या पोटांत पेट्रोल, बाँब व पाणतीर यांचा सांठा असतो. ४ जून १९४२ रोजीं मिडवे बेटाजवळ अमेरिकन विमानांनीं आकागी, कागा व सोर्यू यांना अवघ्या कांहीं मिनिटांत गांठलें. दालनांत बाँब व इंधन भरलेलीं विमानें उभीं होतीं. आगीनें तीन्ही नौकांचा घास घेतला. त्याच दिवशीं हिर्यूही पेटली. पुढें ऑगस्ट १९४२ मध्यें रियूजो, जून १९४४ मध्यें शोकाकू व ऑक्टोबर १९४४ मध्यें झुइकाकू बुडाली. आपल्या समुद्रांत आलेल्या त्या सहांपैकीं एकही उरली नाहीं. पोलाद पुन्हा ओततां येतें. पण निष्णात वैमानिक वर्षांच्या अभ्यासावांचून घडत नाहींत, आणि जपानला ती उणीव शेवटपर्यंत भरून काढतां आली नाहीं.

एक नौका मात्र युद्धांतून वांचली. १९२२ सालीं सेवेंत आलेली होशो ही मुळापासून विमानवाहू म्हणून बांधलेली जगांतील पहिली तयार नौका. युद्ध संपल्यावर परदेशीं अडकलेल्या जपानी सैनिकांना व नागरिकांना मायदेशीं आणण्याचें काम तिनें केलें, आणि मग ती मोडण्यांत आली. वाचकहो, माणसांना सुखरूप घरीं पोहोंचविणारी ही तिची शेवटची सेवा आम्हांस तिच्या साऱ्या युद्धकार्याहून श्रेष्ठ वाटते.