सूक्ष्म तड्यांचा शोध आणि विद्युत रोधावर आधारित संवेदक : क्षमता व मर्यादा

प्रस्तावना

१५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास अमेरिकेतील ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज हा झुलता पूल वाहनांच्या गर्दीसह नदीत कोसळला. ४६ माणसे मृत्युमुखी पडली. १९२८ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल तारदोरांवर नव्हे, तर दोन्ही टोकांना भोक असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर तोललेला होता. यांपैकी एका पट्टीच्या भोकाच्या आतील कडेला जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर खोल तडा गेलेला होता, असे चौकशीत आढळून आले. गंज आणि सततचा ताण यांमुळे तो वर्षानुवर्षे वाढत गेला होता. सांधा सुटा केल्यावाचून तो दिसणे अशक्य होते. साखळीच्या प्रत्येक दुव्यात अशा दोनच पट्ट्या असल्याने एक तुटताच दुसरीला भार पेलवला नाही.

इतका लहान तडा वेळीच कसा ओळखावा, या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे विद्युत रोधावर आधारित संवेदक होत. ते स्वस्त आहेत, वापरण्यास सोपे आहेत आणि बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत उपलब्ध आहेत. कदाचित म्हणूनच त्यांच्याविषयीच्या अपेक्षा कित्येकदा अवास्तव असतात. हे संवेदक नेमके काय पाहतात आणि काय पाहू शकत नाहीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूलतत्त्व

तार ताणली असता ती लांब व बारीक होते आणि तिचा विद्युत रोध वाढतो. तांबे व लोखंड यांच्या तारांवर हा परिणाम विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनी १८५६ साली दाखवून दिला. त्याचा व्यावहारिक उपयोग होण्यास मात्र १९३८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी स्वतंत्रपणे पृष्ठभागावर चिकटवता येणारा विकृतिमापी, अर्थात स्ट्रेन गेज, तयार केला. आज तो नागमोडी धातुपत्राच्या स्वरूपात मिळतो व त्याचा रोध सामान्यतः १२० किंवा ३५० ओहम असतो.

या उपकरणात मोजावयाची राशी अत्यंत अल्प असते. पोलादावर १०० मेगापास्कल प्रतिबल असल्यास त्याची विकृती दहा लाखांत ५०० भाग इतकी होते. गेजचा गुणक सुमारे २ असल्याने १२० ओहमच्या गेजमध्ये केवळ ०.१२ ओहमचा फरक पडतो. तो टिपण्यासाठी व्हीट्स्टन सेतूचा आधार घ्यावा लागतो. जोडतारांकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हेही येथे पाहण्यासारखे आहे. जोडतारेचा रोध १ ओहम असेल आणि ती उन्हात १० अंशांनी तापली, तर तांब्याच्या गुणधर्मामुळे तिचा रोध सुमारे ०.०४ ओहमने वाढतो. म्हणजे वर सांगितलेल्या फरकाच्या एक-तृतीयांश वाढ केवळ उन्हामुळे होते. तीन तारांची जोडणी केली असता हा दोष बऱ्याच अंशी दूर होतो. ओलावा हा दुसरा शत्रू होय. कोकणातील पावसाळ्यात उघड्यावर लावलेल्या गेजवर संरक्षक थर नसेल, तर काही काळाने तो पुलापेक्षा हवामानाचीच अधिक नोंद करू लागतो.

तडा आणि विकृती यांतील अंतर

विकृतिमापी तडा मोजत नाही. आपल्याखालच्या काही मिलिमीटर भागातील सरासरी विकृती तेवढी तो मोजतो. तड्याच्या टोकापुढे प्रतिबल एकवटते, तर तड्याच्या दोन्ही बाजूंना ते ओसरते. म्हणून एकाच तड्याजवळचे दोन गेज परस्परविरुद्ध कथा सांगू शकतात. शिवाय हा सारा बदल तड्याच्या आकारमानाच्या काही पट अंतरातच विरून जातो.

सिल्व्हर ब्रिजच्या संदर्भात या मुद्द्याचे गांभीर्य ध्यानी येते. त्या पट्टीच्या दांड्यावर, भोकापासून हातभर अंतरावर, उत्तम प्रतीचा गेज बसवलेला असता तरी त्याने काय दाखवले असते? दांड्यातील ताण पुलाच्या भारावरून ठरत होता आणि तीन मिलिमीटरच्या तड्याने त्यात नोंद घेण्याजोगा फरक पडत नव्हता. गेजचे वाचन अखेरच्या क्षणापर्यंत निर्दोषच राहिले असते.

काँक्रीटच्या बाबतीत परिस्थिती थोडी अनुकूल आहे. तेथे खडीच्या आकाराच्या किमान तिप्पट लांबीचा गेज घेतात. २० मिलिमीटर खडी असल्यास ६० मिलिमीटरचा. त्याखाली ०.०५ मिलिमीटर रुंदीची, म्हणजे साध्या डोळ्यांना सहसा न दिसणारी, भेग पडली आणि गेज तुटला नाही, तर वाचन दहा लाखांत आठशेच्या वर जाते. काँक्रीट ताणाखाली साधारणतः शंभर-दीडशेलाच तडकत असल्याने एवढे मोठे वाचन म्हणजे भेगेचाच पुरावा मानावा लागतो.

तड्यासाठीच योजलेली साधने

तडा-मापीत अनेक समांतर धातुतंतू असतात. तडा पुढे सरकतो तसा एकेक तंतू तुटतो व रोध पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. उदाहरणार्थ, प्रत्येकी ५० ओहमचे दहा तंतू समांतर जोडल्यास एकत्रित रोध ५ ओहम होतो. एक तुटला की ५.५६, पाच तुटले की १०, आणि एकच उरला की ५०. सुरुवातीच्या पायऱ्या लहान असतात, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण उपयोगाच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या होत. आणखी एक बारकावा असा की, भार उतरल्यावर तडा मिटतो आणि तुटलेली टोके पुन्हा एकमेकांना टेकू शकतात. म्हणून वाचन भाराखाली घेणेच श्रेयस्कर.

दुसऱ्या पद्धतीत संवेदक चिकटवण्याऐवजी प्रत्यक्ष धातूतूनच प्रवाह सोडतात. तड्यामुळे प्रवाहाला वळसा घ्यावा लागतो व दोन बिंदूंमधील विभवांतर वाढते. धातूंच्या शिणवट्याच्या प्रयोगांत ही पद्धत रुळलेली आहे. काँक्रीटलाच संवेदक बनवण्याचा विचारही पुढे आला. त्यात कार्बनचे आखूड तंतू मिसळल्यास इजा होताच त्याचा रोध बदलतो, हे चेन व चुंग यांनी १९९३ साली मांडले. अलीकडच्या काळात, विशेषतः २०१० नंतरच्या दशकात, पृष्ठभागावर वाहक रंगाचा थर देऊन कडेच्या विद्युदग्रांवरून रोधाचा नकाशा काढण्याचे प्रयोग झाले. या मार्गाने जागेच्या निवडीचे ओझे हलके होते. तथापि, रंग पोहोचेल तेथवरच ही त्वचा पसरते, आणि सांध्यातील भोकाची आतली कड तिच्याही आवाक्याबाहेरच राहते.

संवेदक कोठे लावावा, हा निर्णय विद्युतशास्त्राचा नसून रचनाशास्त्राचा आहे. प्रतिबल कोठे एकवटते, कोणता घटक तुटल्यास त्याला पर्याय उरत नाही आणि कोणता भाग नजरेस पडत नाही, हे आधी निश्चित करावे लागते. अभ्यासक्रमात सेतूच्या समीकरणाला जितका वेळ दिला जातो, तितका या विचाराला क्वचितच मिळतो. सिल्व्हर ब्रिजच्या दुर्घटनेनंतर अमेरिकेत पुलांच्या तपासणीची राष्ट्रीय मानके १९७१ साली लागू झाली. त्याच नदीवर सेंट मेरीज येथे त्याच धाटणीचा दुसरा पूल होता. दुर्घटनेनंतर तो लगेच बंद करण्यात आला, आणि १९७१ मध्ये तो पाडण्यात आला.